बेचाळीस किलो जास्तीचे

तिसरा लॉग पाठवून अर्धा तास झाला नसेल, तोच सांगलीहून फोन आला.

तोवर सगळा कारभार ईमेलवर चालला होता. ऋतुराज गाडी पळवायचा, इंजिनानं त्या वेळात काय काय केलं त्याची नोंद लॅपटॉपमध्ये उतरायची, ती नोंद म्हणजे लॉग. तो सांगलीला पाठवला की तिकडून नवी फाईल यायची. ती स्टेअरिंगखालच्या सॉकेटमधून इंजिनाच्या मेंदूत चढवायची, की परत पळवायची. मेलखाली नाव असायचं ‘टी. माने’. ऋतुराज आपला दर वेळी ‘माने भाऊ’ म्हणून सुरुवात करायचा. फोनवर बाईचा आवाज आला तेव्हा तो चपापला.

“तनुजा माने बोलतेय. भाऊ म्हटलंत तरी चालेल, सवय आहे. एक विचारायचं होतं. फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, गाडीत फक्त ड्रायव्हर. मग शेजारी कोण बसतंय?”

“कोणी नाय. मी एकटाच असतो.”

“तिन्ही वेळेला?”

“तिन्ही वेळेला.”

डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतो तशा आवाजात तिनं समजावलं. इंजिन किती हवा आत ओढतंय ते तिला दिसत होतं, म्हणजे ताकद किती निघतेय ते कळत होतं. गाडी किती पटकन वेग घेते तेही दिसत होतं. ताकद बरोबर होती. वेग तेवढा येत नव्हता. याचा अर्थ एकच, गाडीत लिहिल्यापेक्षा जास्त ओझं होतं. तिन्ही लॉगमध्ये तितकंच. बेचाळीस किलो.

“शाळेतलं पोर असेल किंवा वाळलेलं म्हातारं माणूस,” ती म्हणाली. “मला खरं वजन सांगितलं नाही तर फाईल चुकीची होईल आणि पिस्टन वितळेल. मग मला शिव्या देऊ नका.”

ऋतुराजनं परत एकदा सांगितलं की आपण एकटे होतो. आणि ते खरंच होतं. म्हणजे त्याच्या बाजूनं तरी खरं होतं.

गाडी साधी होती, पाच वर्षांची लाल हॅचबॅक, छोटं पेट्रोल इंजिन पण टर्बोवालं. ऋतुराजनं दोन वर्षांत तिचा सायलेन्सर बदलला, टर्बो मोठा बसवला, हवा थंड करणारा रेडिएटर पुढं लावला. वाळूजच्या कंपनीत आठ तास दुसऱ्याच्या गाड्यांचे नट आवळायचे आणि सुटीला स्वतःच्या गाडीचे, असा त्याचा दोन वर्षांचा संसार होता. त्याला नोकरी सोडायची होती. बिडकीनच्या रस्त्याला त्याच्या बापाची पत्र्याची मोठी शेड होती, तिथं त्याला असल्याच गाड्या करायचं दुकान टाकायचं होतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

शेड बापाची, आणि बाप म्हणजे बद्रीनाथ पाटील. सगळे त्यांना आण्णा म्हणत. आण्णांनी तरुणपणी शंकरपटात बैल पळवलेले. त्या माणसाचा देवावर नव्हता तेवढा घड्याळावर विश्वास. पटाचं ते जुनं घड्याळ अजून त्यांच्या खिशात असायचं, जेवतानासुद्धा ताटाशेजारी. शेड पाइपवाल्या व्यापाऱ्याला भाड्यानं द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. पोरगं फारच मागं लागलं तेव्हा आण्णांनी पटाचीच अट घातली. बिडकीनजवळच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर एक क्लब गाड्यांची शर्यत भरवणार होता. चारशे मीटर सरळ, एकेक गाडी सोडायची, शेवटी घड्याळ. सोळा सेकंदांच्या आत आणलीस तर शेड तुझी. नाहीतर पाइपवाल्याची. वर हेही सांगितलं की बैल असो नाहीतर गाडी, धुरकरी, म्हणजे हाकणारा, हलका पाहिजे.

इंजिन लावून, म्हणजे ट्यून करून, घ्यायला शहरात एकच माणूस होता, छावणीमागचा मुजीबभाई. त्याच्याकडं डायनो होता, म्हणजे जमिनीत गाडलेले लोखंडी रोलर. गाडीची चाकं त्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी चौबाजूंनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. रोलर सांगतात, ताकद किती. ऋतुराज सांगलीहून मेलवर ट्यून करून घेतोय हे कळल्यावर मुजीबभाई चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला होता, “अरे मियाँ, न्हावी कभी फोन पे दाढी करता क्या?” टपरी हसली होती.

ऋतुराज लोकांना सांगायचा की मुजीबभाई स्क्रीन बघू देत नाही, मेलवर मात्र आपल्याला शिकायला मिळतं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मुजीबभाईच्या दुकानात कायम दहा रिकामटेकडे उभे असतात आणि आकडा कमी आला की दहाच्या दहा दात काढतात. मेलवर कोणी हसत नाही. मेलवर आपली गाडी कोणी बघतही नाही. त्याला वाटायचं, हेच चांगलं. न बघता काम करणारा माणूस आपल्याला काय विचारणार?

लॉग घ्यायला तो पहिली पाळी सुटली की दुपारी त्याच वसाहतीच्या रस्त्यावर जायचा. सहा पदरी काँक्रीट, मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना नंबर टाकलेले दिव्याचे खांब आणि प्लॉटच्या पाट्या. कारखाने अजून यायचे होते. तीन किलोमीटरमध्ये एक झाड नाही. भर दुपारी तिथं उभं राहिलं तर आपल्या पायाखालची सावली सोडून दुसरी सावली नाही. कुत्रंसुद्धा फिरकत नाही, कारण कुत्र्याला खायला माणसं लागतात.

तनुजाचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो परत गेला. नाल्यावरचा पूल ओलांडला, तिसऱ्या गिअरला पाय दाबला, आणि टिंग टिंग सुरू झालं. डाव्या सीटवर माणूस बसून पट्टा लावला नसेल तर गाडी ओरडते ते. त्यानं पाहिलं, सीटवर लॅपटॉप होता. ठीक आहे. तो उचलून मागं टाकला. आवाज चालूच. मग त्यानं आपल्याकडं सगळेच करतात ते केलं, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटक्यात अडकवून टाकला. गाडी गप्प झाली. फेरी झाली.

गाडी थांबवून त्यानं शेजारी बघितलं. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटला चिकटून असतो. हा चिकटलेला नव्हता. पाठीपासून चांगला वीतभर पुढं होता, कोणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा. तो बघत होता तोवर पट्टा सावकाश, अगदी सावकाश मागं सरकला आणि सीटला टेकला.

त्यानं घरी जाऊन ती सीट काढली. चार नट. मागचं बाकडं, स्टेपनी, जॅक, सगळं काढलं. नवं वजन काट्यावर करून आणलं आणि तनुजाला पावतीचा फोटो पाठवला. पुढच्या लॉगवर तिचं उत्तर आलं: बेचाळीस. मग तिनं उलट्या दिशेनं पळवायला सांगितलं, वारा नाहीतर चढ असेल म्हणून. तरी बेचाळीस. पैठण रोडला नेऊन पळवायला सांगितलं. तिथं एक किलोही जास्त नाही.

शेवटी तिनं नकाशा पाठवला. प्रत्येक फेरीत वजन कुठं चढतं ती जागा तिनं लाल टिंबानं दाखवली होती. सगळी टिंबं एकावर एक. मेलमध्ये एकच ओळ: ‘नाल्याच्या पुलापाशी नेमकं काय आहे?’

ऋतुराजनं लॅपटॉप बंद केला. तिथं काय आहे ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काय होतं, ते.

तो सहा पदरी रस्ता पाटलांच्याच शेतावरून गेला होता. शेत लिंबाच्या झाडापर्यंत. लिंबाच्या पलीकडं नाल्यापर्यंत दोन एकरांची पट्टी होती, ती साळूबाई आणि तिचा नवरा सांडू कसत. सांडूच्या बापानं ऋतुराजच्या आजोबांकडं उभी हयात सालगडी म्हणून घातली, त्याची ती पट्टी. आजोबांनी गावासमोर तोंडी दिली होती. कागद नव्हता. गावाला माहीत, म्हणजे देवाला माहीत, असं तेव्हा चालायचं. ते बौद्धवाड्यातले, हे पाटील. कागद मागायची तेव्हा प्राज्ञा नव्हती आणि पुढं गरज पडेल असं कोणाला वाटलंही नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी भूसंपादनाची मोजणी आली. झेंडी धरून हद्दीवर उभं राहायला एक पोरगं पाहिजे होतं. एकोणीस वर्षांचा ऋतुराज झेंडी घेऊन लिंबाकडं निघाला, तसे आण्णा नुसते म्हणाले, अजून पुढं. तो पुढं गेला. अजून पुढं. नाल्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. साहेबानं विचारलं, ही पट्टी कोण कसतं? आण्णा म्हणाले, आम्हीच.

सांडू तिथंच होता, हातात पहार घेऊन. तो आण्णांशी बोललाच नाही. ऋतुराजजवळ आला आणि हळू म्हणाला, “राजा, लिंबापाशी धर.” ऋतुराज हलला नाही. त्या वेळी त्याच्या मनात काय होतं, सांगू? खोटं कशाला, त्याच्या मनात गाडी होती. मोबदला जास्त आला तर आण्णा गाडी घेऊन देतील, एवढंच. आणि त्यांनी दिली. आधी एक, ती जुनी झाल्यावर ही लाल.

महिनाभरात ती दोघं गाव सोडून गेली. गावातलं एक माणूस बोललं नाही. नंतर लिंब तोडला, मग वर काँक्रीट ओतलं.

सोमवारी सकाळी कंपनीला दांडी मारून ऋतुराज मुजीबभाईच्या दारात होता. सांगलीच्या बाईला त्यानं काही कळवलं नाही. मुजीबभाईनं टोमणा मारून घेतला, गाडी रोलरवर घेतली, पट्टे आवळले. ऋतुराजनं सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडीचं वजन किती लिहायचं?

“वजन?” मुजीबभाई हसला. “गाडी खडी है, चक्के घूम रहे. अंदर हाथी बिठा, रोलर को क्या फरक पडता.”

हेच ऐकायला तर तो आला होता. गाडी हलणार नाही, कुठून कुठं जाणार नाही, कोण बसलंय ते कोणी मोजणार नाही. दुपारपर्यंत इंजिन किंचाळत राहिलं. फक्त एकदा मुजीबभाईनं काम थांबवलं. डाव्या बाजूचा पट्टा ढिला पडत होता. त्यानं आवळला, परत ढिला. गाडी डावीकडं खाली बसतेय, स्प्रिंग गेली तुझी, म्हणाला. शेवटी आकडा आला एकशे अडतीस हॉर्सपॉवर, आणि दहा रिकामटेकड्यांपैकी एकजणही हसला नाही. मुजीबभाईनं कागद छापून हातात दिला. हिशोबानं ती गाडी पंधरा पूर्णांक आठमध्ये यायला हवी होती.

मंगळवारी आण्णा घड्याळ घेऊन स्वतः आले. दुभाजकावर पाय रोवून उभे राहिले, पटात राहायचे तसेच. पहिली फेरी सोळा पूर्णांक तीन. दुसरी सोळा पूर्णांक तीन. तिसरी सोळा पूर्णांक चार.

“बैल जड झालाय,” आण्णा म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं. “रविवारपर्यंत बघ.”

ऋतुराजनं बापाकडं बघितलं. हा माणूस ज्या जागी उभा होता तिथून दहा पावलांवर लिंब होता. आण्णांना ते आठवत नव्हतं असं नाही. त्यांना ते आठवायची गरजच पडत नव्हती. दोन्हीत फरक असतो.

मुजीबभाईला फोन केला तर तो म्हणाला, माझे रोलर खोटं बोलत नाहीत, रस्ता बोलत असेल. मग लाज सोडून ऋतुराजनं मंगळवारचा लॉग सांगलीला पाठवला. आपण डायनोवर जाऊन आलो हेही लिहिलं. तनुजाचा फोन संध्याकाळी आला. राग नव्हता तिच्या आवाजात, पण आधीसारखा सरळही नव्हता.

“तुमच्या त्या मुजीबभाईंचं काम चांगलं आहे. आकडा खरा आहे. मी काही बदलणार नाही,” ती म्हणाली. “आता एकशे तीन किलो जास्त आहे. म्हणजे आधीचे बेचाळीस, आणि वर एकसष्ट.”

“म्हणजे?”

“म्हणजे आता दोघं बसतायत. एक पुलापाशी चढतं तिथंच चढतं. दुसरं गाडी सुरू होते तेव्हापासूनच आत आहे. इंजिन कसं लावायचं ते मी सांगू शकते. कोण बसतंय ते तुम्हाला ठाऊक आहे. नसतं तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं. अजून काढलं नाहीत.”

त्यानं फोन ठेवला. खिडकीखाली गाडी उभी होती. रिकामी, बंद, हँडब्रेक लावलेली. डावीकडं जरा झुकलेली.

गुरुवारी त्यानं रजा टाकली आणि कन्नड गाठलं. गाडी घेतली नाही, एसटीनं गेला. साळूबाई लेकीकडं राहते एवढंच गावातून कळलं होतं; तिची लेक सुलेखा तिथल्या अंगणवाडीत होती. बाजाराच्या मागं दोन खोल्यांचं घर सापडलं. साळूबाई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. जिवंत होती. ऋतुराजला एकदम हायसं वाटलं. जिवंत माणूस कन्नडला बसून शेंगा सोलतंय म्हटल्यावर बाकीचं सगळं आपल्या डोक्यातलं.

“बद्रीनाथ पाटलाचा ना तू,” ती म्हणाली. “बस. लई वाळला.”

सुलेखानं चहा दिला आणि आत गेली. तिला बोलायचं नव्हतं आणि ते तिनं लपवलंही नाही. ऋतुराजनं तब्येत विचारली. साळूबाई म्हणाली की बरी हाय, गुडघं गेलेत. मग शेंगा सोलता सोलता, पाहुण्याला काहीतरी सांगायचं म्हणून सांगावं तसं सांगू लागली. दुपारी डोळा लागला की ती वावरात जाते. आधी पायी जायची. गेल्या महिना दीड महिन्यापासून चालवत नाही, तर नाल्यापाशी गाडी मिळते.

“कसली गाडी?” ऋतुराजचा कप तोंडाशी थांबला.

“लाल हाय. थांबत नाय, पर मी आत बसलेली असते. कसं ते मला इचारू नको.”

“चालवतं कोण?”

“पोरगा हाय कोणी. हिकडं बघतच नाय तो. समोर नजर लावून बसतो. लिंबापाशी उतरायचं म्हणते मी, तर फाटदिशी पुढं नेतो. मग जाग येते.” तिनं टरफलं पदरातून खाली झटकली. “आधी बरं व्हतं. पट्टा लावून दिला व्हता त्यानं, धरल्यावानी वाटायचं. आता सीटच काढून टाकली. खाली पत्र्यावर बसते. दुपारचं लोखंड लई भाजतं रे.”

ऋतुराजनं कप तसाच खाली ठेवला.

“सोमवारपासून आमचे मालकबी येतात,” साळूबाई म्हणाली, नळाला पाणी आलं असं सांगावं तशी. “त्यांला जाऊन तीन वर्सं झाली. ऊसतोडीला गेले, तिथंच गेले.”

बाजारातून भोंग्यावर भाजीचे भाव ओरडत होतं कोणी. ऋतुराजनं तोंड उघडलं. माफी मागायची होती, पण त्या जागी काय शब्द घालायचा ते त्याला कळेना. अकरा वर्षांत एकदाही तोंडात आला नव्हता, तर आज कुठून येणार? साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं. ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं.

“तुला दिसला तो पोरगा तर सांग त्याला,” ती म्हणाली. “थांबत जा म्हणावं. म्हातारी माणसं हायेत.”

रविवारी सकाळी दहाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधल्या होत्या. चार-पाचशे माणूस, मंडप, भोंगा. बिडकीनचं अर्धं गाव आलं होतं. आण्णा शेवटच्या दोरीपाशी घड्याळ घेऊन. मुजीबभाईही आला होता, आपला आकडा बघायला. ऋतुराजनं शनिवारभर विचार केला होता. गाडी न्यायचीच नाही असंही ठरवून झालं होतं. पण शेड होती, दोन वर्षं होती, आणि मनाच्या कोपऱ्यात एक हलकट हिशोबही होता: सकाळची वेळ आहे, म्हातारी दुपारी झोपते.

झेंडी पडली. पहिला गिअर, दुसरा. आधीच गाडी डावीकडं जड होती, ते एकसष्ट होतेच. तरी ती सुटली, खरोखर चांगली सुटली, भोंगेवाला ओरडायला लागला. नाल्याचा पूल आला. तिसरा गिअर टाकला आणि गाडी डावीकडं अजून बसली, हळूच, कोणी गुडघ्यावर हात टेकवून खाली बसावं तशी.

कोण बसलंय ते बघायला ऋतुराजनं पहिल्यांदा मान डावीकडं वळवली.

काही नव्हतं. उघडा पत्रा, नटांची चार भोकं. फक्त पत्र्यावरची धूळ दोन ठिकाणी पुसलेली होती, शेजारी शेजारी.

त्यानं ब्रेक मारला. टायर किंचाळले, मागं काळे पट्टे उठले, आणि गाडी लिंबापाशी थांबली. लिंब नव्हता, एकशे चौदा नंबरचा दिव्याचा खांब होता. भोंगा गप्प झाला. चारशे माणसांसमोर तो उतरला, पुढून वळसा घालून गेला आणि डावं दार उघडून धरलं. उघडून नुसता उभा राहिला, आणि मोजणीनंतर पहिल्यांदाच त्या जागेवर त्यानं मान खाली घातली.

गाडीची डावी बाजू वर आली. आधी जरा, मग अजून जरा. दोन बोटं, चार बोटं. पुढं असलेल्या लोकांनी ते बघितलं, मुजीबभाईनं बघितलं. त्याचा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला. वारा नव्हता. ऋतुराजला काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. पण समोर काँक्रीटच काँक्रीट होतं, दुभाजक होता, प्लॉटची पाटी होती, आणि ते सगळं कोणीतरी उभं राहून बघतंय हे त्याला पाठीच्या कण्यातून कळत होतं. उतरून जायला तिथं मातीच नव्हती. ढेकूळ नव्हतं एक.

मिनिटभर गेलं असेल. मग गाडी परत खाली बसली. आधी दोन बोटं, मग अजून दोन.

उतरले, बघितलं, आणि परत बसले.

आण्णा दोरी ओलांडून तावातावानं येत होते. काय झालं, इंजिन गेलं का, असं लांबूनच विचारत होते. जवळ आले तेव्हा ऋतुराज त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आण्णा, हद्द लिंबापाशी व्हती. झेंडी मी पुढं धरली. तुम्ही धरायला लावली.”

गावचे म्हातारे खाली बघायला लागले, कारण त्यांना नवं काहीच कळलं नव्हतं.

आण्णांनी घड्याळ बघितलं. सवयच ती. काटा अजून पळत होता, त्यांनी बंद केलाच नव्हता. “भर रस्त्यात बापाची अब्रू काढायला दोन वर्षं गाडी केली व्हय,” ते म्हणाले. “शेड गेली समज.”

“गेली,” ऋतुराज म्हणाला. “उद्या तहसीलला जाऊन लिहून देणार. पट्टी सांडूची व्हती म्हणून.”

“आता लिहून काय उगवणार तिथं?”

आण्णांचं ते बोलणं खरं होतं आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. आण्णांनी उन्हातून मंडपाकडं बघितलं, पाय दुखत होते त्यांचे, गाडी समोर होती, दार उघडं होतं. त्यांनी आत वाकून पाहिलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. ते पटकन मागं झाले, धोतर सावरलं आणि गावाकडं चालायला लागले. दहा पावलांनंतर त्यांची चाल वाढली.

ऋतुराजनं डावं दार हलक्या हातानं लावलं. आपल्या जागेवर जाऊन बसला. शेजारच्या पत्र्यावर हात ठेवून बघितला तर तापायला लागला होता. त्यानं अंगातला शर्ट काढला, दुहेरी घडी घातली आणि तिथं अंथरला. मग सुरू केली गाडी. एकशे अडतीस हॉर्सपॉवरची ती गाडी पहिल्या गिअरला, माणूस चालतो त्या वेगानं, दोऱ्यांमधून निघाली. लोकांनी वाट करून दिली, गरजेपेक्षा जास्त. कुठं सोडायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं, त्यानं विचारलंही नाही. वसाहतीच्या कमानीपाशी गतिरोधक होता. तिथं त्यानं गाडी जवळजवळ उभीच केली, आणि एकेक चाक सावकाश, गचका बसू न देता, पलीकडं उतरवलं.